सुईण नावाची कोंबडी

काकूंचा एक नियम होता. कोंबड्यांच्या भांड्यात ताजं पाणी पडल्याशिवाय स्वतःच्या तोंडात घोट घ्यायचा नाही. नवरा गेला त्या वर्षी त्यांनी तो धरला आणि मग ताप असो, गुडघे धरलेले असोत, कधी मोडला नाही. त्यामुळे सकाळी सातला फोन वाजायला लागायचा तेव्हा त्यांचा घसा कोरडाच असायचा, आणि पलीकडच्याला वाटायचं, काकू झोपेतून उठून बोलताहेत.

उतारावरच्या त्या वस्तीत घरं लहान आणि परसं मोठी. बहुतेक प्रत्येक परसात एक खुराडं. कुणाकडे पाच कोंबड्या, कुणाकडे पन्नास. कोंबडीला काही झालं की आधी काकूंना विचारायचं, मग पुढचं बघायचं, असा शिरस्ताच पडला होता.

“काकू, अंडं मऊ येतंय. हातात घेतलं की दबतं.”

“टरफलं भाजून, चुरून खाद्यात घाल. आणि खुराड्यात ऊन येतं का बघ. तिला ऊन लागतं, ती तुझ्यासारखी सावली शोधत बसत नाही.”

“काकू, ती काळी बाकीच्यांची पिसं उपटतेय.”

“जागा कमी पडत असेल. एका खोलीत चार जावा ठेवल्या तर दुसरं काय होणार.”

हे सगळं त्या इतक्या हळू आवाजात सांगायच्या की लोक फोन कानाला दाबून ऐकायचे. एकच सल्ला त्यांनी कधी दिला नव्हता. दुसरीकडे कुठंही विचारलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, आजारी आहे ना, मग मान मोड आणि पुरून टाक. काकू म्हणायच्या, “ज्यानं जीव घातला तो काढून घेईल. आपण मध्ये पडायचं नाही. तू तिला उबेत ठेव, पाणी पाज, मी येते.” आणि गुडघे धरत, एकेक पायरी करत, त्या खरंच यायच्या.

त्यांच्या या म्हणण्याला पुरावा होता, आणि तो पुरावा त्यांच्या परसात हिंडत होता.

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या तेवीस कोंबड्यांना घशाचा रोग लागला. माना लांब करायच्या, चोच उघडी टाकून श्वास ओढायच्या, आतून घरघर यायची. आठवड्यात एकोणीस गेल्या. चौघी राहिल्या. त्या चौघींतल्या एका तपकिरीची अशी अवस्था होती की रोज सकाळी वाटायचं, आज हिच्यासाठी खड्डा खणायचा. काकूंनी तिला मांडीवर घेऊन सहा दिवस काढले. कापसाच्या बोळ्यानं घशातला रक्ताळलेला चिकटा काढला, थेंब थेंब पाणी पाजलं, देवाचं नाव घेत बसून राहिल्या. सातव्या दिवशी तिनं मान झटकली आणि काकूंच्या बोटाला चोच मारली.

ती कोंबडी पुढे नावारूपाला आली. खुडूक व्हायची तर वर्षातून चार-चार वेळा. अंडी नसली तर बटाट्यांवर बसायची. एकदा पोस्टमनच्या टोपीवर दोन तास बसली होती आणि तो बिचारा उघड्या डोक्यानं टपाल वाटत फिरला. अकरा अंडी खाली घातली तर दहा पिलं काढायची. वस्तीत अंडी उबवायचं यंत्र एकट्या गवंड्याकडे होतं आणि तेही वीज गेली की थंड. मग ज्याला पिलं हवीत तो काकूंकडे यायचा, टोपलीत घालून तपकिरीला न्यायचा आणि महिन्यानं परत आणून द्यायचा. पोस्टमननंच तिला नाव दिलं, सुईण. “सुईण सध्या कुणाकडे आहे?” असं लोक रस्त्यात एकमेकांना विचारायचे आणि परका माणूस, कुणाच्या घरी बाळ येणार आहे म्हणून, बघत राहायचा.

काकू स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहून ठेवायच्या. आधी पोस्टमन, मग शाळेतली शिपाईबाई, मग शिंपीण. आणि आता आठ दिवसांपासून त्यांची स्वतःची धाकटी जाऊ.

धाकटीचं सगळं कोंबड्यांवर होतं. दीर बांधकामाच्या परांचीवरून पडल्याला दीड वर्ष झालं होतं. पाय होते, पण नुसतेच होते. धाकटीनं साठ कोंबड्या पाळल्या, रोजची अंडी बेकरीत जायची आणि त्यावर घर चालायचं. म्हाताऱ्या झालेल्या कोंबड्यांच्या जागी तिला पिलं वाढवायची होती. “ताई, सुईणीला वेगळी कुठं ठेवू? जागाच नाही,” तिनं विचारलं होतं. काकूंनी सांगितलं होतं, “आतच ठेव कोपऱ्यात. चारचौघींचा आवाज असला की ती निवांत बसते.”

त्या शनिवारी पहिला फोन शिंपिणीचा आला.

“काकू, तीन जणी मान लांब करताहेत. एक तर शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेतेय.”

“त्यांना आधी बाजूला काढ. खोलीत घे, वारं लागू देऊ नकोस.”

“काढल्यात. पोस्टमनच्या सहा गेल्या त्या अशाच ना?” आणि काकूंनी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, “खाद्यामुळंच असणार. पोतं उघडलं की बुरशीचा वास येतो. सगळे म्हणताहेत.”

“कोण सगळे?”

“सध्या मीच म्हणतेय. उद्या सगळे म्हणतील.”

आणि तसंच झालं. रविवारी दहाला खाद्याच्या दुकानामागच्या खोलीत सगळे जमायचे. बसायला पोती, कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीवर बुरसटलेल्या फळीवर कप. खाद्यवाला सगळ्यांना चहा द्यायचा आणि लोक आठवड्याभराच्या तक्रारी बाहेर काढायचे. कुणाच्या कोंबडीला उवा, कुणाच्या कोंबड्याची शेजाऱ्याशी भांडणं. त्या रविवारी मात्र चहा तसाच राहिला.

“माझ्या सहा,” पोस्टमन म्हणाला. “शिपाईबाईंच्या नऊ. आता शिंपिणीकडे सुरू झालंय. तिघांचंही खाद्य इथलं.”

“अहो, सगळ्या वस्तीचंच खाद्य इथलं,” खाद्यवाला म्हणाला. “मग सगळ्यांच्या का नाही मेल्या?”

“म्हणजे सगळ्यांच्या मेल्या असत्या तर तुम्हाला बरं वाटलं असतं?” शिपाईबाईंनी विचारलं.

“असं कुठं म्हटलं मी? शाळेत पोरांशी असंच बोलता का तुम्ही?”

“पोरं उलट बोलत नाहीत.”

“काकूंच्या चौघी बघा,” शिंपीण म्हणाली. “हेच खाद्य खातात आणि ठणठणीत आहेत. का, तर तो काकूंचा हातगुण. आपल्या हातात तो नाही, म्हणून आपल्याला खाद्य तरी चांगलं पाहिजे.”

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली. स्तुती ऐकताना मान खाली घालायची त्यांची सवय होती, पण ऐकायला बरं वाटायचं हेही खरं होतं. कोपऱ्यातल्या पोत्यावर कंपाउंडर बसला होता. जनावरांच्या दवाखान्यात चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेला, वाळलेल्या फांदीसारखा माणूस. तोही काकूंकडेच बघत होता, पण इतरांसारखा नाही.

पुढच्या महिन्यापासून खाद्य गावाबाहेरच्या दुकानातून आणायचं, असं ठरलं. काट्यावरची वजनं उचलून खाद्यवाल्यानं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं लावली, मग लहानापासून मोठ्यापर्यंत.

परतताना पायऱ्यांवर कंपाउंडरनं काकूंना गाठलं. या दोघांचं जुनं होतं. तो म्हणायचा मोडा, काकू म्हणायच्या वाचवा, आणि लोक काकूंचं ऐकायचे.

“काकू, एक विचारू? रागावू नका.”

“तुम्ही मला राग येईल असंच विचारता. विचारा.”

“या वर्षी सुईण कुणाकुणाकडे बसली?”

काकूंनी कठडा धरला. “पोस्टमनकडे,” त्या म्हणाल्या. “मग शिपाईबाईंकडे. मग शिंपिणीकडे.” तीन नावं तोंडातून निघाली आणि तीच तीन नावं आता खोलीत ऐकली होती हे त्यांच्या लक्षात आलं. पुढचं नाव ओठांशी आलं आणि थांबलं.

“हा घशाचा रोग झालेली कोंबडी बरी होते,” कंपाउंडर म्हणाला, “पण रोग अंगातून जात नाही. जन्मभर नाही. ती शिंकत नाही, खोकत नाही, खाते-पिते. पण जागा बदलली, अंड्यांवर बसून अंग उतरलं, की तो तिच्यातून बाहेर पडतो. ज्या घरी ती बसली असेल, तिथल्यांना होतो. मला खात्री नाही. तपासायला पाहिजे. पण मला दुसरं काही दिसत नाही.”

“माझ्याकडच्या बाकी तिघींना का नाही होत?”

“त्यांना होऊन गेलाय म्हणून. तो हातगुण नव्हे.” हे त्यानं खाली बघून म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं. “आता कुठं आहे ती?”

“घरीच आहे,” काकू म्हणाल्या.

आयुष्यात त्या किती वेळा खोटं बोलल्या असतील ते बोटांवर मोजता आलं असतं, आणि प्रत्येक वेळी विचार करून बोलल्या होत्या. हे मात्र श्वास सोडावा तसं निघून गेलं.

“मग ठीक. बाहेर देऊ नका. पुढच्या रविवारी तुम्हीच सगळ्यांना सांगा. माझ्या तोंडून ते बरं दिसणार नाही. खाद्यवाल्याचंही नाव साफ होईल.” तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. “काकू, तुम्ही वाईट काही केलं नाही. जीव वाचवला. माहीत नसताना केलं.”

काकू घरात शिरल्याच नाहीत. परसातली टोपली उचलून तडक धाकटीकडे गेल्या. बोललेलं खोटं संध्याकाळच्या आत खरं करायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

धाकटी अंगणात स्टुलावर बसून अंडी पुसत होती. खिडकीतून दिरानं हाक मारली, “वहिनी, रविवारी रिकामी टोपली घेऊन? आमच्याकडून काय न्यायला आलात?”

“सुईणीला न्यायला आले,” काकू म्हणाल्या. “परवा बघितलं तेव्हा तिचा पाय सुजल्यासारखा वाटला. दोन दिवस घरी ठेवते.”

धाकटी उठली. “पाय? मला तर बरी वाटते, ताई. सकाळीच दाणे खाऊन परत बसली.”

“तुला काय कळतं त्यातलं.”

असं त्या कधी बोलत नसत. धाकटीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग हातातलं फडकं घडी करून स्टुलावर ठेवलं.

“अंड्यांचं काय करू? आठ दिवस झालेत. काल विजेरीसमोर धरून बघितली, सगळ्यांत शिरा दिसताहेत. एकात तर हलत होतं.”

“गवंड्याच्या यंत्रात नेऊन ठेव. आत्ताच ने, फडक्यात गुंडाळून.”

“तुम्ही म्हणताय तर काही कारण असेलच,” धाकटी म्हणाली आणि खुराड्याचं दार उघडून बाजूला झाली.

आत उष्ण अंधार होता. भुशाचा, विष्ठेचा, पिसांचा ओळखीचा वास. साठ कोंबड्या आपापल्या कामात. कुणी भुसा उकरत होती, कुणी पाण्याच्या भांड्यात चोच घालून मान वर करून गिळत होती. काकूंनी कान देऊन ऐकलं. एकही घरघर नव्हती. कोपऱ्यात सुईण अंडी पोटाखाली घेऊन चपटी बसली होती. हात घातल्यावर ती रागानं फुगली, पण काकूंचा हात ओळखून गप्प झाली. पोटाखाली गरम, उघडं, पिसं झडलेलं कातडं होतं.

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. धाकटी दारातच उभी होती. पण सांगितलं की जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येणार, बेकरीला कळणार, बेकरी अंडी बंद करणार. आणि कदाचित काहीच झालेलं नसेल. सगळ्या धडधाकट दिसताहेत. कशाला उगाच तिच्या पोटात गोळा आणायचा. काकूंनी स्वतःला असं समजावलं, आणि या समजावण्याच्या तळाशी आणखी एक छोटंसं कारण होतं ते त्यांनी हलवून पाहिलं नाही. ते कारण म्हणजे सकाळी सातचा फोन.

त्या संध्याकाळी सुईण त्यांच्या परसात होती. ‘घरीच आहे’ हे वाक्य खरं झालं होतं. काकू देवापुढे बसल्या तर मन लागेना. जप चुकला, पुन्हा पहिल्यापासून धरला, पुन्हा चुकला.

सोमवार गेला. मंगळवार गेला. शिंपिणीच्या पाच मेल्या. खाद्यवाल्याच्या दुकानासमोरून जाताना काकूंनी दोन्ही दिवस रस्ता बदलला. कंपाउंडरनं फोन करून सांगितलं, डॉक्टरीणबाई शुक्रवारी या बाजूला येणार आहेत, सुईणीची तपासणी करून टाकू. “बरं,” काकू म्हणाल्या.

बुधवारी सात वाजता धाकटीचा फोन आला.

“ताई, एक दोघी खोकताहेत. काय करू?”

काकूंच्या हातात पाण्याची बादली होती. भांड्यात अजून पाणी पडलं नव्हतं.

“श्वास कसा घेताहेत?”

“तसा नीट. मधूनच खोकतात. तुम्ही येता का बघायला?”

“धूळ असेल,” काकू म्हणाल्या. “भुसा बदल. नवीन टाकायच्या आधी थोडा ओला करून घे.”

“एवढंच ना? मला वाटलं शिंपिणीकडचं काही आलं की काय.” धाकटी हसली. सुटल्यासारखी हसली. “तुमच्याशी बोललं ना ताई, की निम्मं काम होतं.”

काकूंनी फोन ठेवला, बादली भांड्यात ओतली, आणि मग आपला घोट घेतला. आता पायात चपला घालायच्या आणि जायचं, असं त्यांनी ठरवलं. चपलाही घातल्या. दारापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या. सांगणार काय? रविवारी माहीत होतं हे सांगायचं, की आजच कळलं असं सांगायचं? दुसरं सांगितलं तर आणखी एक खोटं. पहिलं सांगितलं तर तीन दिवसांचा जाब. दारात उभं राहून राहून गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी चपला काढल्या. शुक्रवारी डॉक्टरीणबाई येणारच आहेत, त्या म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या, परसातल्या चौघींना ऐकू जाईल अशा.

धाकटीनं त्या दिवशी सगळा भुसा बदलला. एकटीनं, चौदा टोपल्या. जुना भुसा उपसताना त्यात जे काही होतं ते सगळ्या खुराड्यात उडालं.

शुक्रवारी सकाळी सातला फोन वाजला तेव्हा धाकटीनं नाव घेतलं नाही, काही विचारलं नाही. फोन तिनं खुराड्याच्या दारात धरला असावा. काकूंना पलीकडून नुसता आवाज आला. घरघर, शिट्ट्या, अडकलेला श्वास. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मांडीवर घेऊन ऐकलेला आवाज, साठांच्या तोंडून.

काकूंनी कंपाउंडरला कळवलं आणि तशाच निघाल्या. त्या दिवशी कोंबड्यांना पाणी घालायचं राहिलं. त्यांनीही प्यायलं नाही.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण हात सराईत. त्यांनी एक कोंबडी उचलली, चोच उघडून विजेरीनं घशात पाहिलं, खाली ठेवली. दुसरी उचलली. सात-आठ पाहिल्यावर हातमोजे उलटे करून काढले. अकरा आधीच जमिनीवर आडव्या पडल्या होत्या.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“बुधवारी खोकत होत्या,” धाकटी म्हणाली. “धुळीनं खोकत होत्या.”

“बाहेरून काही आणलं होतं का? नवीन पक्षी?”

“नाही. एक खुडूक होती फक्त, आमच्या ताईंची. ती रविवारीच परत गेली. पाय सुजला होता तिचा.”

कंपाउंडरनं मान वळवून काकूंकडे पाहिलं. काकूंना वाटलं, तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

“काही करता येईल का?” दिरानं खिडकीतून विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेटी बंद केली. “या रोगाची लस असते. डोळ्यात एक थेंब. लागण व्हायच्या आत घातली तर चार-पाच दिवसांत कामाला लागते. रविवारी कुणी सांगितलं असतं तर निम्म्याहून जास्त वाचल्या असत्या. आता नाही. आणि ज्या वाचतील त्याही ठेवता येणार नाहीत. त्या जन्मभर रोग वाटत फिरतील.” मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “तुम्हाला तरी कसं कळणार होतं म्हणा.”

“मला माहीत होतं,” काकू म्हणाल्या.

आवाज नेहमीसारखाच हळू होता. धाकटीला ऐकू गेलं नाही असं वाटून त्यांनी परत म्हटलं.

“मला रविवारी कळलं. कंपाउंडरांनी सांगितलं. सुईण कुठं आहे विचारलं तर मी घरी आहे म्हणाले. मग येऊन घेऊन गेले. पाय सुजला नव्हता. बुधवारी तुझा फोन आला तेव्हाही माहीत होतं.”

खुराड्यातल्या शिट्ट्या चालू होत्या. धाकटी काकूंकडे बघत होती. रागानं नाही, एखादा हिशेब पुन्हा पुन्हा करावा तशी.

“चौदा टोपल्या भुसा बदलला मी,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही सांगितलंत म्हणून.”

“हो.”

“एवढंच विचारते. का?”

काकूंनी रविवारपासून याचं उत्तर तयार करून ठेवलं होतं. बेकरी बंद होईल म्हणून, तुझ्या पोटात गोळा येईल म्हणून. ते तोंडात आलं आणि त्यांनी गिळलं.

“लोक विचारायचे बंद होतील म्हणून,” त्या म्हणाल्या.

धाकटीनं मान हलवली. मग कोपऱ्यातली रिकामी पोती आणायला ती आत गेली.

दुपारपर्यंत कंपाउंडरनं काम उरकलं. एकेक कोंबडी पायांनी धरायची, दुसऱ्या हातानं मानेला एकच हिसका. खाद्यवाला न बोलावता आला आणि पोत्यांची तोंडं उघडी धरून उभा राहिला. काकूंनी पोती बांधायला हात पुढे केला तेव्हा धाकटीनं दोरी स्वतःकडे ओढून घेतली. खिडकी दिरानं आतून लावून घेतली होती.

शेवटचं पोतं गेल्यावर कंपाउंडर काकूंना म्हणाला, “तुमच्या चौघींचं मी येऊन करतो. तुम्ही आत बसा.”

“नको. कसं धरायचं ते दाखवा.”

त्यानं हवेतच दाखवलं. अंगठा कुठं, बोटं कुठं, खाली ओढून मागे वळवायचं. “अर्धवट करू नका,” तो म्हणाला. “दया येऊन हात ढिला पडला तर तिला जास्त त्रास.”

तिघींचं त्यांनी नीट केलं. सुईण टोपलीत चार लाकडी खुंट्या पोटाखाली घेऊन बसली होती, उबवत. हात घातल्यावर फुगली आणि मग ओळखून गप्प झाली. काकूंनी तिला मांडीवर घेतलं, पूर्वी घ्यायच्या तसं. देवाचं नाव घेतलं. हात ढिला पडू दिला नाही.

रविवारी खाद्याच्या दुकानामागच्या खोलीत त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. आधी खाद्यवाल्याचं नाव घेऊन सांगितलं की त्याच्या पोत्यांत काही नव्हतं. मग पोस्टमनकडे वळून, मग शिपाईबाईंकडे, मग शिंपिणीकडे. शिंपीण रडायला लागली. कोंबड्यांसाठी की काकूंसाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. पोस्टमन म्हणाला, “नाव मीच ठेवलं होतं तिचं,” आणि पुढे काय म्हणायचं होतं ते विसरला. काकूंना कुणी टाकून बोललं नाही. जाताना त्यांच्यासाठी वाट मात्र जरा जास्तच रुंद सोडली.

सकाळी सातला फोन वाजेनासा झाला. काकू उठायच्या, परसात जायच्या, धुतलेल्या रिकाम्या भांड्यात ताजं पाणी ओतायच्या आणि मग आत येऊन आपला घोट घ्यायच्या. चिमण्या येऊन ते पाणी पिऊन जायच्या. धाकटीकडे त्यांनी चुन्याचं पोतं नेऊन ठेवलं, ते दोन दिवस फाटकापाशी तसंच होतं. तिसऱ्या दिवशी नव्हतं. दूध-भाजी घेऊन गेल्या तर दीर खिडकीतून म्हणाला, “वहिनी, ती नको म्हणते.” तोही इतकंच बोलला. धाकटी आता पहाटे बेकरीत भांडी घासायला जात होती, हे काकूंना शिपाईबाईंकडून कळलं. गवंड्याच्या यंत्रातल्या अंड्यांपैकी एकही त्यानं ठेवलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर सगळी पुरली होती.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, सातला फोन वाजला. काकूंच्या हातात बादली होती.

“खुराडं धुतलंय,” धाकटीचा आवाज आला. “दोनदा चुना मारलाय. नवीन आणायच्या आधी किती दिवस रिकामं ठेवायचं?”

काकूंनी बादली खाली ठेवली. “दीड महिना,” त्या म्हणाल्या. “दारं-खिडक्या उघडी टाकून. ऊन येऊ दे.”

“कंपाउंडर दोन महिने म्हणाले.”

म्हणजे आधी तिकडे विचारून झालं होतं.

“मग दोनच ठेव,” त्या म्हणाल्या. “ते म्हणतात तसं कर.”

“बरं.”

काकू वाट बघत राहिल्या. पलीकडे बेकरीतली भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता, कुणीतरी धाकटीला हाक मारत होतं. इतक्या वर्षांत फोन ठेवताना ती ‘ताई’ हा एक शब्द म्हणायची, न चुकता, शेवटी. तो आला नाही. फोन बंद झाला. काकूंनी बादली उचलली आणि रिकाम्या परसातल्या भांड्यात पाणी ओतलं.